घरचा कोला

आधी डिंक.
हशाबच्या झाडाला हम्मादचा बाप चर पाडायचा
आणि काही आठवड्यांनी परत जायचा.
तोवर झाडाने आपली जखम आपणच बुजवलेली असे,
पिवळ्या गाठींनी.
त्या गाठी पोत्यांतून बंदराकडे जात,
कुठल्या कुठल्या देशांत विरघळत,
आणि बाटलीतलं काळं पाणी होऊन
अल-ओबैदलाच परत येत, ट्रकने, गुरुवारी.

आता ट्रक येत नाही.
रस्त्यात तीन ठिकाणी तीन तऱ्हेची माणसं
तीन तऱ्हेचे कागद मागतात.

अवातिफ आत्या म्हणाली,
डिंक तर इथेच आहे ना? मग बाकीचं बघू.

एकोणीस वर्षं ती औषधांच्या दुकानात होती.
दुकान राहिलं नाही. ड्रॉपर राहिला.
संत्र्याचं तेल, लिंबाचं, दालचिनीचं,
जायफळाचं अगदी नावाला.
लव्हेंडर हवं, असं तिच्या वहीत होतं.
नाही तर नाही.
अकराव्या थेंबाला वर आभाळात काहीतरी घरघरलं.
तिचा हात हलला नाही, पण आकडा गेला.
अकरा की बारा,
हे ती अजून मला विचारते.

तेलाचं आणि पाण्याचं कधी जमत नाही.
त्यांना धरून ठेवायला मध्ये डिंक.
मी घोटत राहिले. खांदा भरून आला,
तेव्हा कुठे दुधासारखं पांढरं झालं.
आत्याने पेल्यात एक थेंब टाकला, दिव्यापाशी धरला:
वर तवंग नाही.
घरात कितीतरी दिवसांनी
काहीतरी एकजीव झालं होतं.

साखर जाळली. उरलेली बहुतेक सगळीच.
आयशातूने कोलाची बी आणून दिली,
अर्धीच, अर्धी तिच्या गालात होती.
'नावातला कोला तो हाच,' ती म्हणाली,
'चावून बघ.' बघितली.
इतकी कडू गोष्ट विकायला
एवढी साखर लागणारच.

बुडबुडे यीस्टचे.
प्लॅस्टिकच्या बाटल्या, चिमूटभर, सावलीत दोन दिवस.
हे सगळं ज्याच्यासाठी, त्या मुर्तदाने, वय वर्षं आठ,
कुणाला न सांगता
एक काचेची बाटली भरली.
चमचाभर यीस्ट. वर बूच. बुचावर तार.

दुसऱ्या दुपारी धडाका झाला.

आम्ही सगळे जमिनीवर.
कुणी कुणाला सांगावं लागत नाही आता.
आत्याचा तळवा माझ्या डोक्यावर, गाल फरशीवर.
आम्ही दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली,
कारण पहिला एकटा कधी येत नाही.

दुसरा आला नाही.
आला तो वास. दालचिनी, संत्रं, जळकी साखर.
छतावरून टप, टप,
आत्याच्या पांढऱ्या तोबवर तपकिरी.
ती तशीच पालथी पडून हसायला लागली,
आणि ते हसणं थांबेना,
इतकं की शेवटी मी तिला हलवलं.

मुर्तदा भिंतीपाशी. आधी बोट लावलं,
मग सरळ जीभ.
'साखर कमी आहे,' म्हणाला.

प्लॅस्टिकची बाटली आम्ही परातीत ठेवून उघडली,
फडक्यात गुंडाळून, तोंड फिरवून.
फस्स.
कोलासारखं नव्हतं ते.
थोडं औषधासारखं, थोडं लग्नघराच्या अत्तरासारखं,
शेवटी जिभेच्या मुळाशी आयशातूची अर्धी बी.
मुर्तदाने पेला संपवला, ढेकर दिली,
आणि खरा कोला कसा लागायचा यावर
आमचं भांडण झालं.
तिघांच्याही तीन चवी.

संध्याकाळी शेजारचा हम्माद दारात आला.
आम्हाला वाटलं, आवाजाचं विचारेल.
तो उंबऱ्यावर थांबला, छताकडे पाहिलं,
डागाकडे, ओळीने वर चाललेल्या मुंग्यांकडे.
'त्यात,' तो म्हणाला, 'आमचा डिंक आहे म्हणे.
कधी चाखला नाही.'

बाटलीत दोन बोटं उरलं होतं. बुडबुडे नव्हते.
त्याने उभ्यानेच प्यायलं, डोळे मिटून,
आणि पेला उलटा करून
आपल्या तळहातावर ठेवला.