मापांची वही

अण्णांच्या वहीत, पान एकशे अकरावर:
तळपदे. छाती छत्तीस, बाही साडेतेवीस.
आणि समासात पेन्सिलीनं,
‘थंडीसाठी चार इंच सोडणे.’

चार इंच.
थंडीला किती जागा लागते
हे ठाकूरद्वारच्या शिंप्याला कोण सांगणार?
आमच्याकडे जानेवारीत फार तर खोबरेल गोठायचं,
तेही पहाटे, तेही अर्धी बाटली.

सहा पोरं आली होती, अडुसष्ट साली.
एक बँकेत, दोघं गिरणीच्या ऑफिसात,
नागफणीवर गोदीतल्या जुन्या दोराला लोंबकळून
तळहात सोललेले.
चोरबाजारातून पॅराशूटचं कापड आणलं,
गादीवाल्याकडून पिसं.
आठवडाभर पिसं माझ्या वरणात,
पिसं आईच्या कुंकवाच्या करंड्यात.

त्यांनी एक जुना फोटो दाखवला.
बर्फात उभे साहेब, लोकरी कोट, तोंडात पाइप,
खाली प्रत्येकाचं नाव.
मागं ओझ्याखाली वाकलेली रांग,
तिच्याखाली एकच शब्द: हमाल.
अण्णांनी भिंग लावून पाहिलं.
मला वाटलं, चेहरे बघतायत.
‘ह्यांच्या अंगावर नुसती घोंगडी आहे,’ म्हणाले.
‘तुमच्या बरोबर कोण येणार ओझी घेऊन?’
पोरं एकमेकांकडे बघायला लागली.
‘दोन जण. तिकडचेच. नावं अजून कळली नाहीत.’
अण्णांनी आठ कोट शिवले.
मजुरी सहांचीच घेतली.

मग पहिला कोट स्वतः घालून
ससून डॉकच्या बर्फाच्या कारखान्यात गेले.
पापलेटांच्या पेट्यांमध्ये, लादीवर,
तासभर मांडी घालून बसले.
कोळणी दाराशी जमून हसत होत्या:
‘अरे, शिंप्याला बी बर्फात घातला आज!’
बाहेर आले ते ओठ जांभळे,
पण चेहरा कारागिराचा.
‘काखेतून वारा शिरतो.’
सोळा काखा उसवल्या त्या रात्री.
मी दिवा धरला होता.

ऑक्टोबरात तळपदे दुकानात आले,
उजवा हात खिशात.
चहा डाव्या हातानं प्यायले, बशीत न ओतता.
तीनशे फूट राहिलं होतं, म्हणाले.
इथून समोरच्या इराण्यापर्यंत, बस्स.
पण तिथं एका पावलाला पंधरा श्वास,
आणि पंधरावा अर्धाच.
बुटाची नाडी सुटली म्हणून हातमोजा काढला,
तो उडाला,
कुणी हाक मारल्यासारखा निघून गेला.
‘दुखलं नाही हो अण्णा. तेच वाईट.
दुखलं असतं तर कळलं असतं.’

खिशातून दुसरा हातमोजा काढला, जोडीतला जास्तीचा.
अनामिका आणि करंगळी, ही दोन बोटं
वाऱ्यानं फडफडतात, रिकामी. कापून द्या.

अण्णांनी कात्री उचलली. ठेवली.
दोन्ही बोटं आत वळवली, बारीक टाके घातले.
‘कापत नाही. लागलीच कधी, तर उसवता येतील.’
तळपदे हसले, मग हसायचे थांबले,
मग बाहेर जाऊन बराच वेळ
ट्रामची जुनी रूळपट्टी बघत उभे राहिले.

त्यांना खाली आणलं होतं पासांगनं,
पाठीवर बांधून, दोन दिवस.
त्याच्या अंगावर आठांतला एक कोट.
पुढल्या वर्षी त्याचं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहवलेलं:
कोट छान, ऊब छान,
फक्त बाही दोन बोटं आखूड होते.

त्या रात्री अण्णांना झोप आली नाही.
तीनशे फुटांबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत.
पहाटे उठून वही उघडली,
पान एकशे बारावर नाव घातलं, पासांग,
आणि पुढची जागा तशीच कोरी ठेवली.
‘माप न घेता शिवायला नको होतं,’ म्हणाले,
आणि दुकान उघडायला गेले.