दुरुस्ती

फोंड्याच्या या कचेरीत सरकार
यंदा चौथ्यांदा पडतंय.
मथळा जुनाच असतो. मी फक्त
शेवटचं प्रश्नचिन्ह काढतो, लावतो.

साडेअकराला मालकांचा फोन :
‘त्यांचे तिघे रिसॉर्टात. बहात्तर पॉइंट.’
लावले.
फोटोत रिसॉर्टचं फाटक, फाटकात कुत्रा,
बाकी चिटपाखरू नाही.
केंकरेबाब म्हणाले, कुत्रा काप.

पावणेबाराला पुन्हा फोन,
आवाज आता खालच्या पट्टीत.
आपलाच एक पलीकडे गेलाय,
ज्याच्या वाढदिवसाला आपण
चार रंगीत पानं काढली होती.
‘अठरा पॉइंट, पान पाच.
आणि हे बघ, फुटला नको. नाराज लिही.’

पाचव्या पानावर जागा कुठली!
भरती-ओहोटीचा चौकोन वर ढकलला,
एक ओळ त्यात कालचीच राहिली.

सकाळी एकच फोन. दुर्भाटची द्वारकी गावडे.
‘सव्वापाच छापलंत तुम्ही.
सुकती आली सहाक.
तिसऱ्यो काढूंक गेल्लें, पाऊण वर
काळोखांत उबें.’

सरकारचं तिनं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

तेरा वर्षांत आमच्या पेपरात
दुरुस्ती अशी कधी छापलीच नव्हती.
चौकट कुठे असते तेही शोधावं लागलं.
मालकांना न विचारता टाकली,
पहिल्या पानावर, पडणाऱ्या सरकारच्या खाली :

काल ओहोटी सहा वाजता होती.

प्रश्नचिन्हाकडे गेलेलं बोट
मी मागे घेतलं.