बर्तीनि

भाचा विचारतो, मामा, तुझ्या लेव्हली संपल्या कवाच,
सगळे खलनायक तीन-तीनदा मेले,
आता काय खेळूलालास?

मी उत्तर देत नाही. चौथ्या मागावर धागा तुटलाय,
तो आधी जोडतो.

खासबागेत रात्री अकरानंतर फक्त माग बोलतात.
माझे चार. कानात बोंडं, हातात फोन,
फोनात एक शहर, जे आम्ही रोज वाचवतो
आणि जे रोज पुन्हा धोक्यात येतं.
आभार मानायला तिथं कुणी थांबत नाही.
मला त्याचं नवल नाही.
मी विणलेली साडी नेसलेली बाई
मी अजून समोरून पाहिलेली नाही.

माझ्या वीराचं नाव धोटा.
या काठापासून त्या काठापर्यंत, पापणी लवायच्या आत.
बाकीच्यांनी वीज, वादळ, यम अशी नावं घेतली,
मला हे सुचलं.
अंगरख्याला कंपनीनं सोळा रंग दिले,
त्यात आमसुली नव्हता.
तीन रात्री लाल खाली, निळा थोडा वर करत बसलो.
त्या आठवड्यात दोन साड्या कमी उतरल्या,
पण आमसुली उतरला. काठ चिंतामणी.

"बण्ण चलो ऐति," करीकंबळीनं लिहिलं.
रंग बरा आहे. आमची ओळख एवढ्यावर झाली.

हा काळी घोंगडी पांघरून हिंडतो, मारत नाही कुणाला,
पडलेल्यांना उठवतो.
खरा हिरेबागेवाडीच्या पेट्रोल पंपावर, रात्रपाळीला.
लॉरी आली की त्याचा वीर गल्लीच्या मधोमध
पुतळ्यासारखा उभा,
आणि आम्ही दोघं त्याच्याभोवती, टाकी भरेपर्यंत.
तिसरी फिलोमिना, खानापूरची, नर्सिंगचं दुसरं वर्ष.
ती ढाल. सगळं अंगावर घेते,
आणि ऐन लढाईत लिहिते,
पाच मिनटं, सलाईन बदलून आले.

ढालीला मारता येत नाही. घोंगडीला पळता येत नाही.
धोट्याला एक फटका बसला की खेळ आटोपला.
ज्यानं हे बेतलं त्यानं प्रत्येकाला
काहीतरी कमी देऊन ठेवलंय.
बाकी दर महिन्याला नवा राक्षस,
सणाला चकचकीत टोप.
घेतले मी टोप. पेटीत पडून आहेत.

बंदच्या दिवशी बसगाड्या थांबल्या, माग थांबले, पंप थांबला.
चौकात पाटीवर कुणाची अक्षरं वर, यावरून दगड.
आम्ही तिघं भर दुपारी त्या दुसऱ्या शहरात,
एक पूल पडता पडता धरून.
कुणी विषय काढला नाही.

निघताना तो लिहितो, बर्तीनि.
मी लिहितो, येतो.
जातो म्हणायचं नाही,
हे त्याच्या आईनं त्याला सांगितलं असणार,
माझ्या आईनं मला.

श्रावणात असाच येतो म्हणून गेला
तो एकोणीस दिवस आला नाही.
दुसरा कुणी घेऊया का, फिलोमिनानं विचारलं.
पांढऱ्या झग्यातले दोघेतिघे उठवणारे रोज दारात उभे,
आमच्याहून वरच्या लेव्हलचे.
बसूया थोडं, मी म्हटलं.
पाण्याच्या टाकीवर बसलो. खाली शहर जळत होतं,
ते रोजच जळतं.
बॅटरी सात टक्क्यांवर आली की मी मागाकडं जायचो.

विसाव्या रात्री गल्लीत घोंगडी.
पंपाच्या मॅनेजरनं फोन काढून घेतला होता म्हणे,
की तो विकला होता, नीट कळलं नाही,
त्याचं कानडी घाईचं, माझं अर्धं.
फिलोमिनानं काही लिहिलं नाही.
नुसती ढाल उचलून त्याच्यापुढं जाऊन राहिली.
त्यानं माझ्याकडं वळून पाहिलं,
"बण्ण अद ऐति."
रंग तोच आहे.

आता भाचा अजून उभाच आहे उत्तरासाठी,
आणि चौथ्या मागावर परत खडखड.
एक मिनट, धागा तुटला, मी लिहितो,
फोन बाकड्यावर उताणा ठेवतो.
भाचा वाकून बघतो.
आमसुली अंगरख्यातला एक जण रस्त्यात गोठलेला,
आणि त्याच्या दोन बाजूंना दोघं,
काहीच न करता.