सौम्य

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं होतं: सौम्य.
गोठलेल्या तळ्यावर हॉकी, डोकं आपटलं,
हेल्मेटला चीरसुद्धा नाही.
तिसऱ्या दिवशी मी कागदगिरणीत कामावर.
त्याला अकरा वर्षं झाली.

कॉफीच्या सुट्टीत वेइक्को काहीतरी बोलतो, सगळे हसतात.
मी त्यांच्या खांद्यांकडे बघून हसतो,
खांदे थांबले की थांबतो.

काल आयली म्हणाली, "तू जा सौनाला, मी ठीक आहे."
ठीक आहे म्हणाली, म्हणून गेलो.
दगडांवर पाणी ओतलं. वाफ छान धरली.

परतलो तर तिचे डोळे लाल.
ओउलूहून भावाचा फोन
दुपारीच येऊन गेला होता.
मी विचारलं, "कांदा चिरलास?"

तिनं तोंड ओंजळीत झाकलं.
हसतेय की काय, कळेना.
खांदे तर दोन्हींत सारखेच हलतात.