ओळख पटवण्याच्या खुणा

देवगडच्या कचेरीत माझ्याआधीचा कारकून
एक फाईल सुतळीने बांधून ठेवून गेला होता.
वर लिहिलेलं: इसम. नाव नक्की नाही.

आत जबान्या, वाळवीने माझ्याआधी वाचलेल्या.
हर्णैला उतरला तेव्हा त्याचा डावा अंगठा तुटका होता,
वेंगुर्ल्यात त्याच हाताला सहा बोटं.
मालवणच्या सोनाराला म्हणाला, मी मलबारचा;
मलबारहून कौलं घेऊन आलेला तांडेल सांगतो,
ह्याची भाषा आमच्या कोंबड्यांनाही कळली नसती.
वय कुणी चाळीस लिहिलंय, कुणी तीनशे.
तीनशे लिहिणारा फौजदार होता
आणि खाली सही अगदी व्यवस्थित आहे.

लिंबातून रक्त काढायचा.
(सुरीला जास्वंदीचा रस चोळला
की कुणाच्याही लिंबातून निघतं.)
वारा विकायचा. काथ्याच्या दोरीला तीन गाठी:
पहिली सोडली की मतलई सुटेल,
दुसरीला शिडं भरतील,
तिसरी सोडायची नाही, हे सांगूनच पैसे घ्यायचा.
चौदा होड्यांनी घेतला.
मतलई तशीही रोज पहाटे सुटते, फुकट.

मी हसत होतो, एकटाच, पंख्याखाली,
नववी जबानी येईपर्यंत.
येसू धाकू कुबल, आनंदवाडी.
नवऱ्याने नारळी पुनवेआधीच होडी घातली, परत आला नाही.
सदर इसमाने रिकाम्या रांजणातून त्याचा आवाज काढला.
मोबदला: कानातल्या सोन्याच्या कुड्या.

फाईल बंद करायची तर तक्रारदाराचा अंगठा लागतो.
गेलो. जाळ्यावर बांगडे सुकत घातलेले,
म्हातारी कावळे हाकत बसलेली, कान मोकळे.
मी रांजणाचं विचारलं.

"खोटो होतो तो.
पयल्याच शब्दाक माका कळला.
माझो घोव तोतरो.
'येसू' म्हणूक तेका तीन येळा श्वास लागायचो.
रांजणातलो एका दमात बोललो."

मग कुड्या का दिल्यात?

तिने एक बांगडा उलटा केला. मग दुसरा.
"बारा वर्सां संसार केलंय.
जा तेका बोलाचा असायचा, ता मध्येच अडकायचा,
मगे तो हसायचो, नायतर जाळा घेवन भायर जायचो.
त्या रातीक आयकलंय.
सगळा. खंय न अडकता."

काय म्हणाला ते तिने सांगितलं नाही.
माझ्याकडेही त्यासाठी रकाना नव्हता.
अंगठा मात्र दिला, बोटाला माशाचं खवलं चिकटलेलं,
ते शाईत तसंच उमटलं.

परत आलो तर भरती लागलेली,
कचेरीचं लाकूड खारट वासाने फुगलेलं.
शिक्का मारण्यापूर्वी सवयीने शेवटचं पान उलटलं.
लवू सारंग, मिठमुंबरीच्या तरीवरचा.
वाळवीने मधल्या ओळी नेलेल्या.
उरलंय ते एवढंच:
रात्री एकटाच आला. पेटी होती. दाढी नव्हती.
कुठे जायचं विचारलं
तर तोंड उघडून उभा राहिला,
त, त, त करत,
गळ्याच्या शिरा फुगल्या,
शेवटी पलीकडचा काठ बोटाने दाखवला.
उतरताना मला वाटलं ह्याला मी कुठेतरी

पुढे भोक आहे. कागदाच्या मागची टेबलाची फळी दिसते.

धाकू कुबल पोहत नव्हता का?
एवढंच विचारायला परत आनंदवाडीला जावं,
असं आठवडाभर मनात होतं. बांगड्यांचे दिवस संपले,
मी गेलो नाही.

फॉर्मच्या तळाशी एक रकाना अजून कोरा होता,
ओळख पटवण्याच्या खुणा.
पेन झटकलं आणि लिहायला घेतलं: तोतरा.
तो
एवढंच उमटलं.