अकराव्या हिरवळीवरचा उंचवटा

इश्बेल नाताळला घरी आली
तेव्हा तिच्या बुटांच्या शिवणीत अजून वाळवंट होतं.
चहाची किटली बाजूला सारून
तिनं टेबलभर नकाशे पसरले.
अठरा होल, सात तळी,
अडीच लाख ट्रक वाळू इकडची तिकडे.
"बघ काका, टीवर उभं राहिलं की सगळं दिसतं,
कुठं मारायचं, कुठं बुडायचं.
लपवाछपवी नाही,
कुणावर अन्याय नाही."

मी चष्मा पुसून पुन्हा लावला.
खरंच सुबक होतं.
तळ्यांच्या कडा कात्रीनं कापल्यासारख्या,
आणि पाऊस झालाच कधी, तर पाणी
अर्ध्या तासात वाहून जाईल म्हणाली.
आमच्या सोळाव्यावर फेब्रुवारीभर बदकं राहतात.
ते मी बोललो नाही.

इथं डिसेंबरात साडेतीनला उजेड संपतो,
म्हणून जेवण तसंच टाकून तिला घेऊन निघालो.
वारा समुद्राकडून. ओठांवर मीठ.
सातव्यावर हिरवळ दिसतच नाही.
आडवं टेकाड, त्यावर चुन्यानं रंगवलेला दगड,
त्या दगडावर नेम धरायचा
आणि चेंडू सोडून द्यायचा
पेटीत पत्र टाकावं तसा.
पलीकडे खळग्यात खांबाला पितळी घंटा आहे.
आपलं झालं की ती वाजवायची,
मग अलीकडच्यांनी मारायचं.
न दिसणाऱ्या माणसाच्या घंटेवर भरवसा ठेवून
मारलेला फटका
तुझ्या नकाशात कुठं काढशील, मी विचारलं.
"विमा कंपनी काढू देत नाही," ती म्हणाली.
दोघंही हसलो.
घंटा तिनंच वाजवली,
मागं कुणी नव्हतं तरी.

अकराव्यावर मात्र ती गुडघ्यांवर बसली.
डाव्या कडेच्या त्या उंचवट्यावरून हात फिरवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.
इथं चेंडू ऐनवेळी मान वळवतो
आणि भल्याभल्यांची जिरते.
लांबलांबून लोक येतात, फोटो काढतात, म्हणतात,
हे माणसाच्या हातचं नव्हे,
वाऱ्याचं काम आहे, बर्फाचं, देवाचं.
"हाच मी तिकडे तीनदा करून पाहिला," इश्बेल म्हणाली.
"लेझरनं मोजून. बोटभर फरक नाही.
चेंडू नुसता घरंगळतो."

मग तिला सांगितलं.
बापानं मला सांगितलेलं,
मी क्लबाच्या समितीला कधीच न सांगितलेलं.
खाली घोडी आहे.
फ्लोरी. तुझ्या पणजोबांची.
गवतावर खुरं उमटू नयेत म्हणून
चारही पायांत चामड्याचे बूट घालून
रोलर ओढायची.
एका जानेवारीत इथंच खाली बसली, उठली नाही.
जमीन गोठलेली. कुदळ ठिणग्या उडवायची.
खड्डा हवा तेवढा खोल गेला नाही.
त्यांनी वर वाळू ओढली, किनाऱ्यावरचं शेवाळ ओढलं,
आणि वसंतात गवत आलं, तेव्हा
नाइलाजानं तो भाग हिरवळीत धरला.
बूट काढले नव्हते म्हणे.

इश्बेल उठली नाही लवकर.
अंधार पडला तेव्हा तिनं एवढंच विचारलं,
"रंग कसला होता तिचा?"
मला माहीत नव्हतं.

मार्चमध्ये फोन आला. मागं यंत्रांची घरघर.
चौदाव्याच्या हिरवळीखाली
वाळलेल्या घाफच्या झाडाचा बुंधा लागला,
बुलडोझरवरचा हुमैद म्हणाला, काढू का?
त्याच्या आजोबांचे उंट या सावलीला बसायचे.
"मी राहू दे म्हटलं. वर माती ओढलीय.
नकाशात नाही. मालक तणतणतायत."

पाणी कसं जातं तिथून, मी विचारलं.
"वाईट."
आणि चेंडू?
बराच वेळ फोनमध्ये नुसता वारा.
"डावीकडे," ती म्हणाली.