खालचा खण

मंगळवारी मी जायचे व्हायबर्ट अडोनिसकडे,
जॉर्जटाऊनच्या त्याच्या लाकडी घरात,
फाटक्या नकाशांना कसाव्याची खळ लावायला.
समुद्राची भिंत तिथून चार घरं पुढे.
भरतीचं पाणी आपल्या डोक्याहून वर असतं
हे तो येईल त्याला सांगे, जरा मिजाशीतच.

तीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली,
पेन्शन लिलावात घातली.
ॲमस्टरडॅम, लिस्बन,
एकदा तर कुणा पाद्र्याच्या विधवा सुनेकडून.
एसेक्विबोच्या पार पश्चिमेला जो रेघ ओढेल
तो कागद याचा.
"साक्षीदार आहेत हे," म्हणायचा,
"मेलेत, म्हणून फितत नाहीत."

खालच्या खणाला कुलूप असे.
एकदा किल्ली तशीच राहिली.
आत सगळे फितलेले:
रेघ नदीशीच थांबलेली,
आमचा अर्ध्याहून जास्त देश शेजाऱ्याच्या पिवळ्या रंगात.
"हे पण विकत घेतले?"
"मग? त्यांना घेऊ द्यायचे?"
त्यांनाही तो तितक्याच हळू हातानं ऊन दाखवी.
जाळायचं मात्र त्याच्या हातून कधी झालं नाही.

त्याचा सगळ्यात लाडका नकाशा
रेघेच्या बाबतीत अगदी आपला.
पण रेघेच्या जरा खाली एक तळं,
समुद्राएवढं, काठावर सोन्याच्या शहराचे मनोरे.
असं तळं नव्हतंच कधी.
मी विचारलं, एकाच माणसानं, एकाच शाईनं काढलंय ना हे?
तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला.
"तळ्याचं मी बघतो," म्हणाला. "तू कडा चिकटव."

खळीचं पीठ आणायची एडवीना,
वरच्या माझारुनीहून, दोन होड्या बदलून.
त्या दिवशी पिशवी ठेवून ती नकाशावर वाकली.
नदीचं नाव वाचून हसली. का, ते सांगितलं नाही.
वळणं मोजत तिचं बोट वर वर गेलं
आणि थांबलं तिथे कागदच नव्हता,
कसरीनं खाल्लेलं भोक, नखाएवढं.
"इथे," ती म्हणाली. "आमचं घर."

व्हायबर्टनं भिंग आणलं. भोकातून टेबल दिसलं.

ती गेल्यावर मी खळ शिजवली,
तिच्याच शेतातल्या कसाव्याची,
आणि कोऱ्या कागदाचा तुकडा लावून
ती कसर भरून काढली.
वर काही लिहू का, विचारलं.
तो म्हणाला, नको.
लिहिलं, तर पुरावा बाद होतो.